पिकअपचा ब्रेकचा दिवा : दोष कसा शोधावा आणि तो कोणी पाहावा

सोयाबीनची मळणी आटोपली की लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. औसा, निलंगा, चाकूर, अहमदपूर, लोहा, कंधार, मुखेड या तालुक्यांतील गावोगावच्या पिकअप गाड्या व ज्यांना आपण 'छोटा हत्ती' म्हणतो त्या लहान मालमोटारी पोत्यांनी भरून पहाटेच्या अंधारातच बाजाराच्या वाटेला लागतात. अर्धापूर भागातील केळी, नांदेडच्या बाजारात येणारी हळद, धर्माबादच्या पेठेतील मिरची यांचाही पहिला प्रवास बहुधा अशाच गाडीतून होतो. एके काळी हे काम बैलगाडी करीत असे. यास्तव पिकअप ही आता चैनीची वस्तू राहिली नसून नांगर, तिफण व फवारणी पंप यांच्याच पंक्तीत बसणारे शेतीचे अवजार झाली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु अवजाराची जी निगा आपण राखतो ती या गाडीच्या वाट्याला पुरतेपणी येत नाही. पेरणीपूर्वी तिफणीचे फण पाहिले जातात, फवारणीपूर्वी पंपाचा नोझल साफ केला जातो. गाडीच्या बाबतीत मात्र डिझेल, टायरची हवा व इंजिनाचे तेल एवढे पाहिले की तपासणी संपली असे मानण्यात येते. गाडीच्या मागील बाजूचे दिवे, व त्यांतही ब्रेक दाबल्यावर लागणारा लाल दिवा, पाहण्याची सवय फारच थोड्यांना आहे. ही सवय लागणे आवश्यक आहे. तसेच दिवा बंद आढळल्यास अंदाजाने वस्तू बदलत न बसता क्रमाने दोष शोधणे हेच स्वस्त व निर्धोक आहे. या दोन गोष्टी शेतकरी बांधवांसमोर मांडाव्यात एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

याच दिव्याकडे दुर्लक्ष का होते?

पुढचा दिवा गेला तर चालकाला समोरचा रस्ताच दिसत नाही, म्हणून तो त्याच रात्री दुरुस्त होतो. भोंगा बंद पडला तर तो तत्काळ कळतो. ब्रेकचा दिवा मात्र असा एक दिवा आहे की तो लावणारा मनुष्य तो कधीच पाहू शकत नाही. पाय ब्रेकवर असतो, नजर पुढे असते आणि दिवा पाठीमागे असतो. तो लागला काय किंवा न लागला काय, चालकाच्या कामात काहीच उणे पडत नाही. उणे पडते ते मागून येणाऱ्याच्या. स्वतःस न टोचणारा काटा काढण्याची घाई कोणास होत नाही, हा मनुष्यस्वभाव होय. दिवा महिनोन्महिने बंद राहतो याचे मूळ गरिबीपेक्षा या स्वभावातच अधिक आहे.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट उमगलेली होती. रात्रीच्या प्रवासात बैलगाडीच्या साट्याखाली कंदील टांगण्याची पद्धत होती. त्या कंदिलाच्या उजेडात बैल वाट शोधीत होते असे नव्हे. वाट बैलांच्या पायाखालचीच असे. तो कंदील येणाऱ्याजाणाऱ्यास 'येथे गाडी आहे' असे सांगण्यासाठी होता. ब्रेकचा दिवा त्याहून एक पाऊल पुढे जातो. 'गाडी आहे' एवढेच न सांगता 'गाडी थांबत आहे' असे तो सांगतो.

या सांगण्याचे मोल थोड्या हिशेबाने ध्यानात येईल. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर अंतर तोडते. पुढील गाडी थांबत आहे हे मागच्यास दिव्यावरून न कळता केवळ तिचे अंतर कमी होत असल्यावरून कळले, आणि त्यात दीड सेकंद गेले, तर तेवढ्यात तो 25 मीटर पुढे आलेला असतो. औशाहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 361 वर वेग याहून बराच अधिक असतो. त्याच रस्त्यावर गावच्या फाट्याशी पिकअप एकाएकी वळते, चहाच्या टपरीपाशी थांबते, कधी बैलजोडी आडवी आली म्हणून ब्रेक लावते. तिच्यामागे दुचाकीवरून येणारा मनुष्य बहुधा आपल्याच पंचक्रोशीतील असतो. पोत्यांच्या थप्पीमागून त्याला पुढचे काहीच दिसत नाही. त्याचा सारा भरवसा त्या दोन लाल दिव्यांवर असतो. दिवसाच्या प्रवासातही ही गोष्ट तितकीच खरी आहे. ब्रेकचा दिवा हा रात्रीचाच दिवा आहे ही समजूत सर्वस्वी चुकीची होय.

कृषी पत्रिकेत हा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास उत्तर एवढेच की, बियाणे, खत व पाणी यांवर वर्षभर केलेला खर्च माल बाजारात सुखरूप पोहोचून त्याचे पैसे हाती येईपर्यंत फळाला आला असे म्हणता येत नाही. शिवाय ज्याच्या अंगावर हा दोष बेततो तोही शेतकऱ्याचाच मुलगा असतो.

दिव्याची रचना

दोष शोधण्यापूर्वी वीज कोणत्या वाटेने जाते ते समजून घ्यावे. पाण्याच्या पाटाप्रमाणे ही वाट सरळ आहे. बॅटरीतून निघालेली वीज प्रथम फ्यूजमधून जाते. तेथून ती ब्रेकच्या पायटीपाशी असलेल्या लहानशा स्विचपाशी येते. पायटी दाबली की स्विच जोडला जातो व वीज गाडीच्या सांगाड्यालगतच्या वायरमधून मागे जाऊन दोन्ही बाजूंच्या बल्बांत पोहोचते. बल्बातून निघाल्यावर ती गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येते. या परतीच्या वाटेस आपले मिस्त्री 'अर्थ' म्हणतात.

पाटाचे पाणी शेताच्या टोकाशी न पोहोचल्यास आपण विहिरीवरील मोटार बदलीत नाही. पाट कोठे फुटला ते पाहात जातो. येथेही तसेच करावयाचे आहे. अनुभव असा की दिवा बंद दिसताच बल्ब बदलला जातो, त्याने काम न झाल्यास स्विच बदलला जातो, आणि अखेरीस नवी वायर ओढली जाते. मूळ दोष अर्थच्या गंजलेल्या एका बोल्टात असतो व तो तसाच राहतो. तीन वस्तूंचे पैसे गेले, मिस्त्रीची मजुरी गेली, आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा बंद!

लक्षणांवरून दोषाचे अनुमान

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी लक्षणे विचारतो. त्याचप्रमाणे येथे प्रथम नीट पाहावे. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा व चाकांना दगडांची उटी लावावी. काही गाड्यांत चावी फिरविल्याखेरीज ब्रेकचे दिवे लागत नाहीत, म्हणून चावी चालू ठेवावी, इंजिन मात्र बंद असू द्यावे. एकाने पायटी दाबावी व दुसऱ्याने गाडीच्या मागे, किंचित बाजूस उभे राहून पाहावे. प्रथम अन्य सर्व दिवे बंद असताना, नंतर मागील रात्रीचे दिवे लावून, व शेवटी वळणाचे दिवेही लावून, असे तीन वेळा पाहावे. कित्येक दोष सर्व दिवे एकाच वेळी लागले म्हणजेच उघड होतात.

(1) दोन्ही बाजूंचे दिवे मुळीच लागत नाहीत. दोन्ही बल्ब एकाच दिवशी जाणे क्वचितच घडते. दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा पुढची वायर यांत असण्याचा संभव अधिक.

(2) एकाच बाजूचा दिवा लागत नाही. याचा अर्थ फ्यूज व स्विच ठीक आहेत. दोष त्या बाजूचा बल्ब, होल्डर, तेथील वायर किंवा अर्थ यांत शोधावा.

(3) ब्रेक दाबताच रात्रीचा दिवा मंद होतो, किंवा वळणाचा दिवा अर्धवट पेटतो. हे अर्थच्या दोषाचे अगदी ठळक लक्षण होय. परतीची वाट बंद झाल्यामुळे वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढू पाहते.

(4) दिवे लागतात, पण मंद. होल्डर, सांधा किंवा अर्थ गंजलेला असावा. बल्बावरील आकडाही पाहावा. पिकअपची वीज 12 व्होल्टची असते, मोठ्या मालमोटारीची 24 व्होल्टची. मोठ्या गाडीचा बल्ब पिकअपच्या होल्डरमध्ये बसतो, मात्र पुरेसा प्रकाश देत नाही.

(5) पाय काढल्यावरही दिवे विझत नाहीत. स्विच जागेवरून सरकलेला, बिघडलेला, अथवा त्याला टेकणारे लहान रबरी बटण झिजून पडलेले असावे. हा दोष किरकोळ समजू नये. 21 वॉटचे दोन बल्ब मिळून सुमारे साडेतीन अँपियर वीज खातात. ज्या गाडीत हे दिवे चावी बंद असतानाही लागतात, तिच्यात दहा तासांच्या एका रात्रीत 35 अँपियर-तास वीज जाईल व सकाळी गाडी सुरू होणे कठीण होईल. शिवाय सतत पेटलेल्या दिव्यावरून गाडी केव्हा थांबते हे मागच्यास कळतच नाही.

(6) फ्यूज पुन्हापुन्हा जातो. वायरचे वेष्टण कोठेतरी घासून तांबे लोखंडास टेकत आहे असे समजावे.

क्रमाने तपासणी

लक्षणावरून जागा ठरली म्हणजे पुढील क्रमाने जावे. त्यासाठी 12 व्होल्टचा लहान बल्ब व त्यास जोडलेल्या दोन वायरी असा चाचणी-दिवा पुरतो. मीटर असल्यास उत्तमच, आणि ज्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे तेथे मीटरच वापरावा.

पहिला क्रम फ्यूजचा. गाडीच्या पुस्तिकेत किंवा फ्यूजपेटीच्या झाकणावर ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज दाखविलेला असतो. तो काढून त्याच आकड्याचा दुसरा लावून पाहावा. पात्याच्या फ्यूजांत लाल रंगाचा 10, निळा 15 व पिवळा 20 अँपियरचा असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा अधिक अँपियरचा फ्यूज कदापि लावू नये. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याचे काम बंद पाडले तर उद्या वायर पेटेल, आणि मागे सोयाबीनची गुळी किंवा कापूस भरलेला असल्यास त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

दुसरा क्रम बल्बाचा. तो काढून आतील तार तुटली आहे काय, काच काळवंडली आहे काय ते पाहावे. पुष्कळ गाड्यांत रात्रीचा व ब्रेकचा दिवा एकाच बल्बात असतो. त्यात 5 व 21 वॉटच्या दोन तारा असतात व बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम कमीअधिक उंचीवर केलेल्या असतात. जबरीने उलटा बसविल्यास रात्रीचा दिवा प्रखर व ब्रेकचा मंद असा विपरीत प्रकार होतो. नव्या धर्तीच्या एलईडी दिव्यांत बल्ब वेगळा नसतो, तथापि वायर, अर्थ व स्विच यांची तपासणी तशीच करावयाची असते.

तिसरा क्रम अर्थचा, आणि आमच्या मते बल्बानंतर सर्वांत आधी संशय घ्यावा तो याचाच. एक जाडशी वायर घेऊन तिचे एक टोक दिव्याच्या अर्थच्या टोकाशी व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाशी, किंवा सांगाड्याच्या खरवडून चकचकीत केलेल्या जागी धरावे. दिवा लगेच प्रखर झाल्यास दोष सापडला. अर्थचा बोल्ट सोडून गंज व रंग खरवडावा, तो पुन्हा घट्ट आवळावा व वरून ग्रीस लावावे. या दुरुस्तीस सँडपेपरच्या तुकड्याहून अधिक काही लागत नाही.

चौथा क्रम स्विचचा. चावी चालू असताना स्विचच्या एका टोकाशी वीज सदैव आली पाहिजे व दुसऱ्या टोकाशी पायटी दाबल्यावरच आली पाहिजे. पहिल्या टोकाशीच नसेल तर दोष फ्यूजकडे आहे. पहिल्याशी असून पायटी दाबल्यावरही दुसऱ्याशी येत नसेल तर स्विच बदलावा किंवा नीट सरकवून बसवावा. अलीकडील पुष्कळ गाड्यांत या स्विचला चार वायरी असतात व त्यांतील काही इंजिनाच्या नियंत्रकाकडे जातात. तेथे वायरी परस्पर जोडून पाहण्याचा प्रयोग करू नये, जाणत्या मिस्त्रीकडेच जावे.

पाचवा व शेवटचा क्रम वायरचा. फ्यूज वारंवार जात असल्यास दोन्ही बल्ब काढून नवा फ्यूज लावावा व पायटी दाबावी. तरीही तो गेला तर दोष वायरीत किंवा होल्डरमध्येच आहे हे निश्चित. वायर सांगाड्याच्या धारेवरून जाते ती जागा, मागील फळीच्या बिजागरीजवळची जागा, आणि शोभेचे दिवे किंवा जादा भोंगा लावण्यासाठी कोणी मध्येच वायर सोलली असल्यास ती जागा, या तीन ठिकाणी प्रथम पाहावे. शेडमध्ये धान्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडणे हेही नित्याचेच आहे.

दोष मुळातच टाळावयाचा तर

शेतकऱ्याच्या गाडीस शहरातील गाडीपेक्षा एक शत्रू अधिक आहे, तो म्हणजे रासायनिक खत. युरिया व इतर खते हवेतील ओल शोषून घेतात. म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचे क्लोराइड असल्याने त्याचे ओले कण लोखंडास झपाट्याने गंजवितात. अमोनियायुक्त खते तांबे व पितळ यांना बाधतात, आणि होल्डरची टोके बहुधा याच धातूंची असतात. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत हौद्याच्या फटीतून नेमके मागील दिव्यांच्या वायरींवर उतरते. पावसाळ्यातील काळ्या जमिनीचा चिखल त्यावर बसला म्हणजे ती ओल दिवसेंदिवस सुकत नाही. म्हणून खताची खेप टाकून आल्यावर हौदा झाडून घ्यावा व मागील भाग साध्या पाण्याने धुवावा. जोरदार फवारा मात्र थेट होल्डरमध्ये मारू नये. दिव्याची काच फुटली असल्यास ती त्वरित बदलावी. लाल कागद चिकटवून वेळ मारून नेल्यास पाणी आत जाते व होल्डरही वाया जाते.

दिवा उत्तम असून उपयोग नाही, जर तो झाकलेला असेल. ताडपत्रीचे लोंबते टोक, मागील फळी उघडी ठेवून बाहेर काढलेली पोती, बाजूंनी फुगलेला गुळीचा भारा यांमुळे दिवे दिसेनासे होतात. माल बांधून झाल्यावर पंधरा पावले मागे जाऊन एकदा पाहणे, ही सर्वांत सोपी तपासणी होय.

हे काम कोणाचे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 अन्वये मागील लाल ब्रेकचे दिवे असणे बंधनकारक आहे. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीस ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्रही घ्यावे लागते. तथापि प्रमाणपत्र तपासणीच्या त्या एका दिवसाची साक्ष देते. दुसऱ्या आठवड्यात अर्थचा बोल्ट सैल झाला तर ते कागदास कळत नाही. म्हणून नियमांवर भिस्त ठेवून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

गाडीमालक, चालक व माल भरणारा शेतकरी असे तिघे या व्यवहारात आहेत. मालक गावी असतो, चालक हंगामात रात्रीचा दिवस करतो, आणि शेतकऱ्याला वाटते की गाडी आपली नाही. तिघांच्या मध्ये दिवा तसाच राहतो. मालकाने गाडीत दोन बल्ब व दोन फ्यूज कायम ठेवावेत आणि त्यांचा खर्च चालकाच्या पगारातून कापू नये. कापल्यास दोष सांगितलाच जाणार नाही. शेतकऱ्याने भाडे ठरविताना जसा दराचा प्रश्न विचारावा, तसाच पोती चढविण्यापूर्वी 'एकदा ब्रेक दाबून दाखवा' असे म्हणावे. यात कोणाचा अपमान नाही. काट्यावर वजन टाकण्यापूर्वी काटा शून्यावर आहे की नाही हे आपण पाहतोच ना?

याहूनही परिणामकारक जागा म्हणजे बाजार समितीचे प्रवेशद्वार. आवकेची नोंद करण्यासाठी तेथे गाडी थांबतेच. त्या क्षणी चालकाने ब्रेक दाबावा व नोंद करणाऱ्याच्या सहायकाने मागून पाहून घ्यावे. वेळ लागेल तो अर्धा मिनिट. दंड करण्याचे कारण नाही. दिवा बंद असल्यास तेवढे सांगावे, व माल उतरेपर्यंत जवळच्या मिस्त्रीकडून दुरुस्तीची सोय व्हावी. लातूर व नांदेड येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना हंगामाच्या आरंभी एक आठवडा बाजाराच्या आवारात हे काम दिले, तर त्यांनाही प्रत्यक्ष शिक्षण मिळेल आणि शेकडो गाड्यांचे दोष रस्त्यावर येण्याआधीच निघतील. एवढ्या गर्दीत हे जमणार नाही असा आक्षेप येईल. परंतु गर्दी असते म्हणूनच हे करावयाचे. सर्वांत जास्त गाड्या रस्त्यावर असतात तेव्हाच त्यांच्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते, ही स्थिती उलटविली पाहिजे.

बाजार समित्यांनी हे मनावर घेईपर्यंत वाट पाहण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या घरी पिकअप आहे त्यांनी आज रात्री ती एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी करावी व ब्रेक दाबावा. भिंतीवर दोन्ही बाजूंस सारखा लाल उजेड पडला तर समाधान मानावे, आणि दर आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी हेच करीत जावे. एकाच बाजूस उजेड पडला, किंवा पडलाच नाही, तर वर सांगितलेल्या क्रमाने दोष शोधावा व तो निघाल्यावरच पहिले पोते चढवावे.